झुरळ, डांबरगोळी आणि भोपाळ

मराठी माणसाला भोपाळ म्हटले की दोन गोष्टी आठवतात. इतिहासाची आवड असेल तर १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावाने निजामाला तिथे कोंडले होते ते, आणि आवड नसली तरी १९८४ च्या डिसेंबरातली ती रात्र. मला मात्र हल्ली भोपाळ म्हटले की आधी झुरळ आठवते. हसू नका, सांगतो.

२०१९ च्या फेब्रुवारीत कचेरीच्या एका प्रशिक्षणासाठी भोपाळला गेलो होतो. आमच्या वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस मिरज, पुणे, मनमाड, इटारसी करत तिथे नेऊन सोडते. स्टेशनपासून जवळच्या एका साध्या लॉजवर उतरलो. रात्री दहाच्या सुमारास न्हाणीच्या जाळीतून एक झुरळ वर आले. आम्ही गोव्याचे, झुरळाला भिऊन कसे चालेल? पण हे पंखवाले निघाले आणि सरळ उशीवर येऊन बसले. मी मुकाट्याने खाली जाऊन सांगितले. साठीच्या आसपासचे एक चाचा फवाऱ्याचा डबा घेऊन वर आले. खोलीत न शिरता उंबऱ्याबाहेर उभे राहिले, हात लांब करून दोन-तीन फवारे मारले, आणि लगेच गमछा नाकाला लावून गॅलरीच्या पार टोकाला जाऊन थांबले. तिथूनच म्हणाले, "खिड़की खोल दीजिए साहब. मैं अंदर नहीं आऊँगा, गैस वाला हूँ."

मला वाटले, हे दिवसा सिलिंडर पोचवायचे काम करत असावेत! तसे विचारलेसुद्धा. मग ते माझ्याकडे जसे पाहू लागले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि कुठे तोंड लपवू असे झाले. 'गॅसवाला' म्हणजे ज्याला गॅस लागला तो. भोपाळमध्ये हा शब्द जातीच्या किंवा गावाच्या नावासारखा सहज वापरतात.

त्या रात्री झोप लागली नाही. झुरळ कपाटाखाली उताणे पडून पाय झाडत होते, आणि मला आमच्या घरातली झुरळे आठवत होती.

आमचे घर जुने, मातीच्या भिंतींचे आणि कौलारू. स्वयंपाकघराला लागून न्हाणी, तिथे चूल, लाकडे, नारळाच्या करवंट्या. म्हणजे झुरळांना माहेरच! आजीचा उपाय एकच होता, रात्री उष्टे भांडे ठेवायचे नाही आणि मोरीत गरम पाणी ओतल्याशिवाय निजायचे नाही. फडताळात डांबरगोळ्या. आई पुढची पायरी चढली. तिने कुठूनसा पत्र्याचा फवाऱ्याचा पंप आणला. त्याला सगळे 'फ्लिट'च म्हणत, मग आत कुठलेही औषध असो. (फ्लिट हे मुळात अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या औषधाचे नाव, १९२३ सालचे. त्याच्या जाहिरातींची व्यंगचित्रे काढणारा तरुण पुढे डॉ. स्यूस म्हणून मुलांच्या पुस्तकांसाठी जगभर प्रसिद्ध झाला.) ढेकणांसाठी टिक-ट्वेंटी होतेच. मग बेगॉन आले, नव्वदच्या दशकात हिट आले, आणि ओट्याच्या कडेने ओढायचा तो लक्ष्मणरेखा खडू आला. बाबांची पद्धत वेगळी. रात्री दोनला उठायचे, टॉर्च घ्यायचा, स्वयंपाकघरात पाऊल न वाजवता जायचे आणि एकदम उजेड पाडून चपलेने हाणायचे. टॉर्चमध्ये एव्हरेडीचे सेल. उडी मारणारी लाल-काळी मांजर त्या सेलवर होती, ती मला फार आवडायची.

हे सेल कुणाचे होते ठाऊक आहे? युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचे. भोपाळच्या कारखान्याच्या आधी कितीतरी वर्षे ही कंपनी आपल्या घरात शिरली होती ती टॉर्चच्या सेलमधून. १९९४ मध्ये अमेरिकन मालक कंपनीने आपला ५०.९ टक्के हिस्सा विकला आणि नंतर या कंपनीचे नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. बाबा रात्री दोनला ज्या उजेडात झुरळ शोधत, तो उजेड आणि भोपाळचे ते टाकीघर एकाच ताळेबंदात होते, हे मला वयाच्या चाळिशीत कळले.

आता जरा झुरळाचीच कुळकथा. मोरीतून येते ते मोठे तांबूस झुरळ, त्याचे शास्त्रीय नाव 'पेरिप्लानेटा अमेरिकाना'. नावात अमेरिका असली तरी ते मूळचे आफ्रिकेकडचे, जहाजांतून अमेरिकेत गेलेले. दुसरे ते लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेले. फ्रिजच्या मागे, मिक्सरच्या बुडाशी, बिजागरीच्या फटीत राहते ते हेच. त्याला लिनियसने १७६७ मध्ये जर्मनीचे नाव चिकटवले. बिचाऱ्या जर्मनांचा काही दोष नाही! २०२४ साली जगभरातल्या झुरळांची जनुके तपासून एक शोधनिबंध आला. त्यानुसार हे झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला एका रानटी आशियाई जातीपासून वेगळे झाले आणि माणसाच्या घरात राहायला आले. सुमारे १२०० वर्षांपूर्वी अरबस्तानाच्या बाजूने पश्चिमेकडे गेले आणि सुमारे ३९० वर्षांपूर्वी युरोपियन व्यापारी कंपन्यांच्या काळात पूर्वेकडे. म्हणजे मिरी-दालचिनी गेली त्याच गलबतांतून हेही गेले. पोर्तुगीज भाषेत झुरळाला 'बराता' म्हणतात. आमच्याकडच्या जुन्या पोर्तुगीज शिकलेल्या लोकांच्या तोंडून हा शब्द मी ऐकलेला आहे आणि लहानपणी तो मला उगाचच शिवी वाटायचा.

तर अशा या घरच्या प्राण्याला मारायचे कसे, हा प्रश्न जुना आहे. विसाव्या शतकात त्याला रसायनशाळेतून उत्तरे येऊ लागली. पॉल म्युलरने १९३९ मध्ये डीडीटीची कीटकनाशक शक्ती ओळखली आणि त्याला १९४८ चे नोबेल मिळाले. पण झुरळ कसले वस्ताद! क्लोरडेन नावाच्या डीडीटीच्या भाऊबंदाला न जुमानणारी झुरळे टेक्सासमधल्या कॉर्पस ख्रिस्ती गावात १९५२ सालीच सापडली. पुढे साखर घातलेली विषारी आमिषे निघाली, तर १९९० च्या दशकात फ्लोरिडात ग्लुकोजच नाकारणारी झुरळे आढळली. डीडीटीसारखी औषधे चरबीत साठून राहतात हेही लक्षात आले, १९६२ मध्ये रेचेल कार्सनचे 'सायलेंट स्प्रिंग' आले, आणि लोकांना नवे काहीतरी हवे झाले. कीड मरेल, पण पोराबाळांना आणि गाईगुरांना बाधणार नाही असे.

भोपाळची वाट या मागणीतून निघते. म्हणून इथे जरा थांबतो.

पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाचा प्रदेश आहे. तिथे एखाद्यावर आरोप आला की त्याला एका वेलीची विषारी बी खायला घालत. वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. आपल्याकडच्या दिव्यासारखेच. या बीतले विष रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले आणि त्याच्या घडणीवरून पुढे 'कार्बामेट' गटाची कीटकनाशके बेतली गेली. दोन मज्जातंतूंमध्ये निरोप पोचवणारे एक रसायन असते. निरोप पोचला की ते मोडून टाकणारे एक विकर असते. कार्बामेट त्या विकराला जखडून ठेवते. मग निरोप संपतच नाही. स्नायू थरथरत राहतात, तोल जातो आणि झुरळ उताणे पडते. माणसाच्या शरीरात ही जखड थोड्या वेळाने आपोआप सुटते, म्हणून हा गट त्यातल्या त्यात सौम्य मानला गेला. बायर कंपनीने यातूनच प्रोपॉक्सर काढले. आपण ज्याला बेगॉन म्हणत आलो त्याचे मूळ ते. आणि युनियन कार्बाइडने काढले कार्बारिल, म्हणजेच 'सेव्हिन'. प्रोपॉक्सर स्वयंपाकघरात शिरले आणि सेव्हिन मुख्यतः शेतात राहिले, पण दोघे सख्खे भाऊ. दोघेही बनवताना शेवटच्या पायरीला जे रसायन लागते ते एकच, मिथाइल आयसोसायनेट.

सेव्हिनचा दुसरा अर्धा भाग म्हणजे नॅप्थॉल, आणि तो येतो नॅप्थॅलीनपासून. नॅप्थॅलीन म्हणजे आजीच्या फडताळातली डांबरगोळी! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ तसाच बसलो.

सेव्हिनची भुकटी तुलनेने सौम्य होती हे खरे आहे. विष डब्यात कमी होते, कारण त्याचा खरा जहरी भाग डबा भरण्याआधीच्या टाकीत होता. डबा विकत घेणाऱ्याला तो दिसत नव्हता. दिसत होता तो टाकीशेजारी राहणाऱ्याला, आणि त्यालाही आत काय आहे हे कुणी सांगितले नव्हते. हे विष न साठवताही सेव्हिन करता येते, टप्प्यांचा क्रम बदलायचा एवढेच. खुद्द युनियन कार्बाइडही आधी त्याच वाटेने सेव्हिन बनवत असे. दुसरी वाट स्वस्त पडली.

भोपाळचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे आणलेले औषध मिसळून फक्त डबे भरत. मिथाइल आयसोसायनेट तिथेच बनू लागले ते १९८० पासून. वर्षाला पाच हजार टन सेव्हिन बनवायची क्षमता उभी केली, पण तेवढा खप कधी झालाच नाही. तोटा वाढला, माणसे कमी केली, दुरुस्त्या लांबवल्या. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जिन वायूने मोहम्मद अश्रफ हा कामगार गेला. त्याचे मित्र पत्रकार राजकुमार केसवानी यांनी चौकशी सुरू केली आणि १९८२ मध्ये आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात शहराला वाचवा म्हणून अक्षरशः हाका मारल्या. कुणी ऐकले नाही. साप्ताहिकाचा खप तो किती असणार! (केसवानी २०२१ मध्ये वारले.)

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. आत सुमारे चाळीस टन द्रव होता. तो थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती, वायू धुऊन काढणारा मनोरा उपयोगाचा ठरला नाही, आणि वायू जाळून टाकणाऱ्या धुराड्याचा नळ गंजला म्हणून काढून ठेवला होता. वायू हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत सरपटत गेला. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड या वस्त्या कारखान्याला लागून. थंडीचे दिवस, लोक गोधडीत. पहिल्यांदा जागे झालेल्या अनेकांना वाटले की शेजारी कुणीतरी मिरच्या जाळतोय.

मेलेल्यांचा आकडा आजही एक नाही. सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९, मग ३,७८७, आणि २०१० मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला तो ५,२९५. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट सांगतात. राज्य सरकारच्या २००६ च्या प्रतिज्ञापत्रात बाधित झालेल्यांची संख्या ५,५८,१२५ आहे. मी कारकून माणूस, रकाने भरणे हा माझा धंदा. त्यामुळे हे एकमेकांशी न जुळणारे आकडे पाहिले की मला त्यामागची टेबले दिसतात. कुणाचा अर्ज अपुरा, कुणाचा दाखला नाही, कुणाच्या बाळाचे नाव ठेवायच्या आधीच... असो. मध्य प्रदेश सरकारात तर भोपाळ गॅस दुर्घटनेतल्यांच्या मदतीसाठी एक वेगळे खातेच आहे. एका रात्रीच्या नावाने सरकारी खाते असणे काय असते, हे कचेरीत काम करणाऱ्यालाच कळेल.

यानंतर जे झाले ते मला अख्ख्या प्रकरणात सगळ्यात विलक्षण वाटते. शेजारच्या ६११ क्रमांकाच्या टाकीत हेच विष अजून शिल्लक होते. त्याचे करायचे काय? फेकता येत नाही, ठेवता येत नाही. डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञ आले आणि ठरले की त्याचे सेव्हिनच बनवून टाकायचे! १६ डिसेंबरला कारखाना पुन्हा सुरू केला. या मोहिमेला नाव दिले होते 'ऑपरेशन फेथ', म्हणजे श्रद्धा. कारखान्याभोवती ओल्या गोणपाटाचे पडदे, वरून पाणी शिंपडणारी हेलिकॉप्टरे. मुख्यमंत्री अर्जुनसिंह लोकांना धीर देत होते आणि लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडत होते. श्रद्धा बसणार कुणाची? पण काम पार पडले, विष संपले, औषध तयार झाले. दोन आठवड्यांपूर्वी ज्यासाठी माणसे मेली तेच उत्पादन, त्याच यंत्रांतून, सरकारी देखरेखीखाली.

विषारी औषधांसाठी आपला कायदा १९६८ चा. तोही एका दुर्घटनेनंतरचा. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रासकडे पॅराथिऑन सांडलेले पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली होती. त्या कायद्यामुळे डब्यावर तो तिरका चौकोन आला. खालच्या त्रिकोणात लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. घरातला डबा उचलून बघा, सापडेल. हा रंग आतल्या औषधाचा आहे. ते औषध जिथे बनले तिथल्या टाकीसाठी या चौकोनात जागा नाही.

पुढच्या गोष्टी वर्तमानपत्रांतून तुम्ही वाचल्याच असतील. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. जून २०१० मध्ये हयात असलेल्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा आणि त्याच दिवशी जामीन. वॉरन अँडरसन २०१४ मध्ये अमेरिकेत वारले, भोपाळच्या न्यायालयात कधी उभे न राहता. भरपाई वाढवून मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. आणि कार्बारिल? आपल्या सरकारने ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने ज्या बारा कीटकनाशकांवर तत्काळ बंदी घातली, त्यांत ते आहे. चौतीस वर्षांनी. तेव्हा बातम्यांत बारा नावांची यादी आली होती, त्यातले एक नाव कशाचे आहे हे किती जणांच्या लक्षात आले असेल? कारखान्यात साठवलेला ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून पीथमपूरला गेला आणि तिथे जाळला गेला. पीथमपूरच्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. करणारच. आमच्याकडे केरीच्या पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता तेव्हा गावेच्या गावे उठली होती, २३ जानेवारी १९९५ रोजी पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण गेला, आणि कारखाना शेवटी आला नाही. केरीला भोपाळ ठाऊक होते. भोपाळला मात्र आधीचे कुणाचे उदाहरण ठाऊक नव्हते.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी दुपारी रिक्षा करून कारखान्यापाशी गेलो. भिंतीसमोर एक पुतळा आहे, रूथ वॉटरमन नावाच्या शिल्पकार बाईंनी १९८५ मध्ये केलेला. मुलाला कवटाळून, तोंड झाकून धावणारी बाई. पुतळ्याजवळ शाळा सुटलेली पोरे क्रिकेट खेळत होती. आत गंजलेले मनोरे आणि रान.

आता तुम्ही विचाराल, मग झुरळांचे काय करायचे? आमच्या घरी सध्या कणीक, पिठीसाखर आणि बोरिक पावडर मळून बोराएवढ्या गोळ्या करतो आणि फ्रिजमागे, ओट्याखाली ठेवतो. बोरिक पावडर म्हणजे कॅरम बोर्डावर टाकतात तीच. झुरळ ते खाते, अंगाला लागलेले चाटते आणि दोन-चार दिवसांत मरते. हळू काम आहे. घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर गोळ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, कारण हेही विषच. आणि आजीचे गरम पाणी आहेच. तरी गेल्या पावसाळ्यात इतकी झाली की बायकोने डबा आणलाच, आणि मी काही बोललो नाही. मोरीत फवारा मारला आणि चौकोनातला रंग पाहिला.

लॉज सोडायच्या सकाळी चाचांना चहा पाजला. १९८४ मध्ये ते पंचविशीत होते, चांदबडला राहत. धाकटी बहीण त्या रात्री गेली. यांची छाती तेव्हापासूनची, उदबत्तीचा धूरसुद्धा सोसत नाही. मी विचारले, मग फवारणीचे काम कशाला करता, दुसऱ्या पोराला सांगा. ते म्हणाले, "लड़का छुट्टी पर है साहब. और ग्राहक शिकायत करता है न."

तो ग्राहक मीच होतो. त्यांनी कप विसळून ठेवला आणि वर सतरा नंबरच्या खोलीतून कुणीतरी हाक मारली म्हणून जिना चढू लागले.